खिशातली किल्ली

परवा तीन मजले चढून पार दारापर्यंत गेलो आणि परत खाली आलो, कारण गाडी बंद केली की नाही तेच आठवेना. बॅग घेतल्याचं आठवत होतं, काच वर केल्याचं आठवत होतं, पण इंजिन बंद करायचं ते बटण दाबल्याचं काही केल्या आठवेना. खिसा चाचपला तर किल्ली खिशातच. पूर्वी एवढं पुरायचं हो. किल्ली माझ्याकडे आहे म्हणजे गाडी बंद आहे, विषय संपला, कारण चालू गाडीतून किल्ली बाहेर निघायचीच नाही (फार झिजलेल्या जुन्या गाड्यांतून निघायची, ते सोडा). आता किल्ली खिशात असण्याचा अर्थ एवढाच की किल्ली खिशात आहे.

गाडी बंद होती. असतेच. पण पुन्हा जिने चढताना डोक्यात तेच घोळत राहिलं, की या बटणाने माझं काम सोपं केलं ते खरं, पण माझ्या हातातून नक्की काय काढून घेतलं.

तसं बघायला गेलं तर या सगळ्या प्रकरणात बटण हाच सगळ्यात बिनकामाचा माणूस आहे. आपल्याला वाटतं बटण दाबलं की गाडी चालू होते. प्रत्यक्षात बटण नुसता अर्ज करतं, की आत बसलेल्यांना चालू करायची आहे, बघा जमतंय का. मग गाडीतला कॉम्प्युटर बघणार ब्रेकवर पाय आहे का, गिअरवाली असेल तर क्लच दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर पार्क किंवा न्यूट्रलला आहे का, आणि मुख्य म्हणजे किल्ली खरंच आत आहे का. सगळीकडून होकार आला की स्टिअरिंगचं लॉक सुटतं, स्टार्टरच्या, म्हणजे इंजिनला पहिली फिरकी देणाऱ्या मोटरच्या, रिलेला (स्विचला) करंट जातो, आणि इंजिनने आपला वेग पकडला की स्टार्टर सोडायचं कामही तोच करतो. किल्लीच्या गाडीत हे आपलं काम होतं. किती वेळ पिळून धरायची, थंडीत जरा जास्त, आणि नेमकं कधी सोडायची हे कान ठरवायचे. चालू गाडीला चुकून परत स्टार्टर मारला की कर्रर्र करून जो आवाज यायचा, दाताखाली खडा आल्यासारखा, तो आता काढायचा म्हटला तरी येत नाही, कारण उभ्या चालू गाडीचं बटण दाबलं की ती सरळ बंदच होते.

पहिल्या दिवशी माझी चांगली फजिती झाली होती. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं, रेडिओ लागला. परत दाबलं, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले, पंखा सुरू झाला, मला वाटलं झालं काम. इंजिनचा पत्ता नाही म्हणून तिसऱ्यांदा दाबलं तर सगळं विझलं. असं तीन-चारदा केलं, मागे एकजण हॉर्न वाजवतोय. नंतर कळलं की किल्ली एक खाच, दोन खाचा फिरवायचो ना, त्याच जुन्या पायऱ्या बटणाने अशा लपवून ठेवल्यात. म्हणजे किल्लीचं भोक गेलं तरी खाचा गेल्या नाहीत.

पण खरी गंमत बटणात नाहीच, ती खिशातल्या डबीत आहे, म्हणजे आताच्या किल्लीत. मला आधी वाटायचं की ही डबी सतत "मी आलो, मी आलो" ओरडत असणार. उलट आहे. ती झोपलेली असते, ओरडते ती गाडी. आपण दाराच्या हँडलला हात लावला किंवा बटण दाबलं की गाडी आपल्या अँटेनांमधून एक हाक मारते, साधारण १२५ किलोहर्ट्झवर. ही फार खालच्या सुरातली लहर आहे, मोजायला गेलं तर एका लहरीची लांबी जवळजवळ २.४ किलोमीटर भरते, पण हाक पोचते कुठवर तर मीटर-दोन मीटर. कारण इथे लहर लांब फेकायची नसतेच, जवळपास एक चुंबकीय क्षेत्र तयार करायचं असतं आणि ते अंतराच्या घनाने कमी होतं, अंतर दुप्पट झालं की जोर एक अष्टमांश. हा दोष नाही, हीच तर युक्ती आहे. हाक इतक्या झपाट्याने विरते म्हणूनच डबीला कळतं की कुठली अँटेना जवळची. दारात अँटेना असते, पुढच्या सीटांच्या मध्ये असते, डिकीपाशी असते, प्रत्येकीची हाक किती जोरात ऐकू आली ते डबी मोजते आणि त्यावरून ठरतं की किल्ली आत आहे, दाराबाहेर आहे की डिकीत बॅगेखाली पडलीय. आणि डबी खिशात कशीही पडलेली असते, आडवी उभी तिरकी, म्हणून तिच्यात तीन दिशांना तोंड केलेली तीन वेटोळी असतात, कुठूनही हाक आली तरी कुठल्यातरी एका कानावर पडतेच.

डबीचं उत्तर मात्र वेगळ्या सुरात जातं, ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, काही देशांत ३१५. आणि उत्तर म्हणजे नुसतं "हो, मीच" असं नाही. तसं असतं तर कुणीही बाजूला उभं राहून ते ऐकून ठेवलं असतं आणि उद्या गाडीला ऐकवलं असतं. किल्ल्यावर जसा परवलीचा शब्द रोज बदलायचा, त्याच्याही पुढची ही गोष्ट. इथे शब्द दर वेळी नवा, आणि तो आधी ठरलेलाच नसतो. गाडी एक मोठा आकडा मनाला येईल तसा उचलते आणि डबीकडे टाकते. डबी आणि गाडी दोघींकडे एक गुपित साठवलेलं असतं, ते कधीच हवेतून जात नाही. डबी त्या गुपिताने आकड्याची उलथापालथ करून उत्तर पाठवते, गाडीने तोच हिशोब स्वतःकडे केलेला असतो, दोन्ही जुळले तर दार उघड. सरळ सवाल-जवाब आहे हा, फक्त ढोलकी नाही आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. मी आपला हँडल ओढतोय आणि मला वाटतंय दार उघडंच होतं.

एवढं सगळं चोख, मग चोर काय करतो? तर तो सवालही सोडवत नाही आणि जवाबही, तो नुसता निरोप्या होतो. दोघे जण लागतात. एक गाडीपाशी, एक माणसापाशी, म्हणजे डबी जिथे असेल तिथे, घराच्या दाराशी वगैरे. पहिला गाडीची हाक उचलतो, दुसऱ्याकडे पोचवतो, तो ती डबीला ऐकवतो, डबी बिचारी इमानदारीत उत्तर देते, ते उलट्या वाटेने गाडीला. गुपित कुणालाच कळलं नाही, कुलूप कुणीच फोडलं नाही आणि गाडी गेली. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून पाहिलं आणि दहाच्या दहा फसली. मला यातलं सगळ्यात बोचतं ते हे की गाडीने एक गोष्ट गृहीत धरली होती, हाक ऐकू आली म्हणजे माणूस जवळच असणार. आपणही धरतोच की.

त्यावर आता काही डब्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर टाकतात, म्हणजे डबी टेबलावर बराच वेळ गप्प पडली की ती हाकेला ओ देणंच बंद करते. दुसरा उपाय जास्त आवडला मला, त्यात हाकेचा जोर बघतच नाहीत, वेळ मोजतात. लहर किती वेळात गेली आणि परत आली. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे फूटभराच्या फरकासाठी एवढं बारीक घड्याळ हवं, ते अल्ट्रा वाइडबँड नावाच्या रेडिओने जमतं. निरोप्या कितीही चपळ असला तरी लांबून आलेलं उत्तर उशिराच येणार. आणि अगदीच साधा उपाय म्हणजे घरी डबी धातूचं अस्तर असलेल्या पाकिटात किंवा पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायची. पण एकदा करून बघा, डब्यात ठेवून गाडीजवळ जाऊन दार उघडतंय का ते. माझ्या पहिल्या डब्याचं झाकण बसत नव्हतं नीट, उघडलं दार.

आता आमच्या घरातला किस्सा. एकदा बायकोला स्टेशनवर सोडलं. गाडी चालवत मी, डबी तिच्या पर्समध्ये, कारण घरून निघताना गाडी तिने काढली होती आणि मग आम्ही जागा बदलल्या. ती उतरली, दार लागलं, गाडी टूं टूं करून काहीतरी सांगत होती, मला वाटलं सीटबेल्ट. किल्ली दूर गेली तरी चालू इंजिन बंद पडत नाही, आणि ते बरोबरच आहे, समजा रस्त्यात मधेच डबीचा सेल संपला तर गाडी तिथेच गपगार व्हायला नको. तर मी मजेत घरी आलो, गाडी लावली, बंद केली. मग आठवलं की जरा पुढे घ्यायला हवी, गेट बंद होत नाहीये. दाबलं बटण. किल्ली सापडत नाही, असं स्क्रीनवर. तिला फोन केला तर ती ट्रेनमध्ये. म्हणाली, "अहो, पण गाडी घरी नेलीत ना तुम्ही?" नेली ना. किल्लीशिवाय नेली. हे वाक्य जुन्या किल्लीच्या जमान्यात बोलताच आलं नसतं.

याची दुसरी बाजू मात्र हसण्यासारखी नाही. गाडी चालूच राहिली आणि माणूस डबी खिशात घालून घरात गेला, झोपला, असं होऊन बंद गॅरेजमधून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरल्याने माणसं गेलेली आहेत. इंजिन आता इतकी शांत झालीयत, हायब्रिड तर सिग्नलला थांबल्यासारखी गप्पच उभी असते, की चालू आहे हे कानाला कळत नाही आणि हाताला सांगायला किल्ली नाही. टोयोटाने २०१९ मध्ये सांगितलं की अमेरिकेतल्या बहुतेक २०२० च्या मॉडेलांत ठराविक वेळाने इंजिन आपोआप बंद होईल. म्हणजे मी तीन मजले उतरून जे बघायला गेलो ते काम आता गाडीकडेच दिलं. आणि हो, धावती गाडी बंद करायची वेळ आलीच तर बटण एकदा टिचकीसारखं दाबून भागत नाही, बहुतेक गाड्यांत काही सेकंद दाबून धरावं लागतं नाहीतर पटापट दाबावं लागतं, आपल्या गाडीचं नेमकं काय ते पुस्तिकेत असतं. ते पान घरातल्या सगळ्यांनी वाचलेलं बरं.

आणि बटण नवीन आहे असं तरी कुठाय. पहिल्या गाड्यांना पुढून हँडल मारावं लागायचं, इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. मग चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने विजेवरचा स्टार्टर केला, तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं स्टार्टर मारायला पायाखालचं नाहीतर डॅशबोर्डवरचं बटणच असायचं. किल्ली पिळली की स्टार्टर लागतो ही सोय क्रायस्लरने आणली ती १९४९ मध्ये. मर्सिडीजने १९९० च्या दशकाच्या शेवटी किल्ली परत खिशात पाठवली. म्हणजे ज्याला मी किल्लीचा जुना जमाना म्हणून उसासे टाकतोय तो दोन बटणांच्या मधला काळ निघाला.

शेवटी आमच्या डबीचा सेल गेलाच. सीआर२०३२, बटणाएवढाच चपटा सेल, आठवडाभर गाडी स्क्रीनवर सांगत होती आणि मी आठवडाभर ओके करत होतो. दार उघडेना. मग डबीच्या पाठीचा खटका सरकवला आणि आतून निघाली खरी किल्ली, लोखंडी, बारकी, दात असलेली. इतकी वर्षं खिशात माझ्याबरोबर फिरत होती आणि मला माहीत होतं पण लक्षात नव्हतं. हँडलवरचं झाकण काढून कुलपात घातली, फिरवली, तो ओळखीचा खट् झाला, कसं बरं वाटलं सांगू. दार उघडलं आणि त्याच क्षणी गाडीने अलार्म ठोकला, सगळे दिवे लुकलुकतायत, हॉर्न बोंबलतोय, अख्खी बिल्डिंग खिडकीत. लोखंडी किल्लीने दार उघडणारा म्हणजे चोरच, अशी तिची समजूत. मी आत बसलो, ब्रेक दाबला, मेलेली डबी बटणाला चिकटवून धरली, कारण तिच्यातल्या एका चिपला सेल लागतच नाही, गाडीच्या क्षेत्रातून मिळते तेवढी वीज तिला पुरते. सवाल गेला, जवाब आला, आणि गाडी ओरडायची थांबली.