पाचव्या माळेचा प्रयोग

47 क्रमांकाच्या क्यूला, म्हणजे प्रकाश बदलायच्या ठरलेल्या जागी, देव्हाऱ्यावरचा दिवा शून्यावर आणायचा, असे माझ्या प्रतीवर दिग्दर्शकाच्या अक्षरात लिहिलेले आहे. नवरात्रात पाचव्या माळेच्या रात्री, धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावी झालेल्या प्रयोगात, मी तो शून्यावर आणला नाही. एकवीस वर्षे मी नाटकांची प्रकाशयोजना सांभाळतो आहे. दिग्दर्शकाने ठरवलेला क्यू जाणूनबुजून मोडण्याची ही पहिलीच वेळ.

नाटक कौटुंबिक आहे. सावकाराचे आणि बँकेचे असे दुहेरी कर्ज झालेले घर, त्यातली नवसावर नवस बोलणारी आजी, तिला हिशेब विचारणारी सून आणि या दोघींमध्ये दिवसेंदिवस गप्प होत गेलेला मुलगा. पहिला अंक हसवतो. वसुलीसाठी माणूस दारात उभा असताना आजी त्याला सांगते की भवानी सध्या निजली आहे, घट बसल्यावर ती जागी झाली की तिच्या कानावर घालते, तोवर तुम्ही थांबा. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत तुळजापूरची देवी निद्रेत असते, हे ज्याला ठाऊक आहे तो या वाक्याला खुर्चीवरून पडेपर्यंत हसतो. पुण्याच्या प्रयोगात तिथे चार माणसे हसली होती. इथे हशा इतका लांबला की पुढचा क्यू मला तब्बल नऊ सेकंद धरून ठेवावा लागला.

हे धरून ठेवणे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. विनोदी प्रवेशातला बदल घड्याळावर चालत नाही, तो हशावर चालतो. हशा चढत असताना प्रकाश हलवला तर प्रेक्षक दचकून गप्प होतो; पूर्ण ओसरल्यावर हलवला तर प्रवेश थंड पडतो. तो उतरणीला लागतो त्या क्षणी फेडरवरचे, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणावरचे, बोट हलायला हवे, आणि हे कोणत्याही संगणकीय बोर्डावर आधी भरून ठेवता येत नाही.

देव्हाऱ्यावर मी अजूनही जुना पाचशे वॅटचा हॅलोजन लावतो. नवे एलईडी दिवे वजनाला आणि वीजबिलाला बरे आहेत. पण स्वस्त एलईडी खाली येताना शेवटच्या टप्प्यात पायऱ्या उतरल्यासारखा अडखळतो आणि एकदम मरतो. हॅलोजनची तार मात्र दहा टक्क्यांवर तांबूस होते आणि फेडर शून्यावर गेल्यावरही डोळ्याचे पाते लवेपर्यंत धग धरून राहते. फिक्या अंबर रंगाच्या जिलेटीन कागदातून ती थेट समईसारखी दिसते. नेपथ्यातल्या निरांजनात वात नाही, बारीक बल्ब आहे. तो आणि हॅलोजन मी एकाच डिमरवर, म्हणजे दिवे मंद करणाऱ्या यंत्रावर, घेतले आहेत, म्हणजे दोन्ही एकत्र श्वास घेतल्यासारखे कमी-जास्त होतात.

त्या रात्री मंच शाळेच्या पटांगणात होता. आयोजकांनी थ्री फेज जोडणीचा शब्द दिला होता आणि प्रत्यक्षात एका खांबावरून ओढलेली सिंगल फेज दाखवली. व्होल्टेज 180 च्या वर जाईना. नाटकाला वीज लागते, हे भाषणांना चार मोठे स्पीकर लावणाऱ्या मंडळींना कधी समजणार, हे मला कळत नाही. मी निम्मे दिवे उतरवून ठेवले. बोर्ड नेहमीसारखा विंगेत न ठेवता सतरंजीच्या कडेला, बायकांच्या बाजूला एका बाकड्यावर मांडावा लागला, कारण वायर तिथवरच पुरत होती.

माझ्या उजव्या हाताशी एक सत्तरीची आजी बसली होती. पहिल्या अंकात ती मंचाइतकीच माझ्या बोटांकडे पाहत होती. उजेड कुठून येतो हे तिने मध्यंतराआधीच ओळखले होते.

दुसऱ्या अंकात मुलगा फवारणीचे औषध पितो. त्याला जीपमध्ये घालून नेतात आणि इतका वेळ देवीशी घासाघीस करणारी आजी देव्हाऱ्यासमोर एकटी उरते, एक शब्दही न बोलता. इथे 47 चा क्यू येतो: वीस सेकंदांत संपूर्ण अंधार, त्यात आजीची एक्झिट, पोरांनी खाट उचलून दवाखान्याचे बाकडे आणायचे. मी फेडर खाली घेऊ लागलो. तार तांबूस झाली. तेवढ्यात माझ्या मनगटावर काकणांचा हात पडला.

"इझवू नगं लेकरा. देवीम्होरचा दिवा हाय त्यो. माळ हाय आज."

त्या पटांगणात बसलेल्या बहुतेकांच्या घरी त्या वेळी नंदादीप तेवत होता. नऊ दिवस त्यात तेल घालायला कोणाला तरी मागे ठेवूनच माणसे नाटकाला आली होती. मी बोट काढले. दिवा दहा टक्क्यांवर राहिला.

पुढचे सगळे बिघडले. बाकडे आणणारी पोरे लोकांना दिसली. आजीचे काम करणाऱ्या ताई उजेडात अडकल्या आणि उठल्याच नाहीत, त्यामुळे दवाखान्याच्या प्रवेशात येऊन त्या जे एक वाक्य बोलतात आणि ज्यावर इतका वेळ दाबलेला प्रेक्षक मोकळेपणी हसतो, ते वाक्य सुनेने दवाखान्यातून देव्हाऱ्याकडे पाहत म्हटले. कोणी हसले नाही. पटांगण इतके शांत होते की माझ्या डिमरची गुणगुण ऐकू येत होती.

दिग्दर्शक रागावला आणि त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. तो म्हणाला, तो हशा लोकांचा हक्क होता, तू तो खाल्लास. आणि अंधार हे लेखकाचे वाक्य होते, देवीने उत्तर दिले नाही असे सांगणारे. दिवा ठेवून तू देवीच्या वतीने उत्तर दिलेस.

विनोद आणि भक्ती एकत्र आणणे हा मालिकांनी शिकवलेला स्वस्त मार्ग आहे, असे स्पर्धेचे परीक्षक आम्हाला ऐकवतात. त्यांनी पैठणची आठवण ठेवावी. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडात एका सासुरवाशिणीला भवानीसमोर उभे केले आणि सासू-सासऱ्यांपासून सगळ्यांना ने म्हणून रोडग्याचा नवस बोलायला लावले. लोक तेव्हापासून हसत आले आहेत आणि हसता हसता त्यातला अध्यात्माचा अर्थही घेत आले आहेत. पण त्या भारुडातही भवानी उत्तर देत नाही. दिग्दर्शकाची बाजू मला पटते ती इथे.

प्रयोगानंतर मी वायरी गुंडाळत होतो, तेव्हा ती आजी पुन्हा आली. दवाखान्याचा प्रवेश सुरू असतानाच ती घरी दिव्यात तेल घालायला गेली होती आणि शेवट तिने पाहिलाच नव्हता.

"पोरगं वाचलं का रं?"

नाटकात ते सांगितलेले नाही. बाकड्यावर बसलेली माणसे दार उघडल्याचा आवाज ऐकून उभी राहतात आणि पडदा पडतो. लेखकाने त्या जागी एक शब्दही घालू दिलेला नाही.

"वाचलं, आजी," मी म्हणालो.

हे मी दिग्दर्शकाला अजून सांगितलेले नाही.