बेसमेंटमधला संप: सायफन एकदाचा वठणीवर आला

दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकचं पाणी खाली बेसमेंटमधल्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत, उतरवणारा मुख्य पाइप म्हणजे सायफन; तो हवा न ओढता काठोकाठ भरून चालायला हवा. काल दुपारपासून त्याने एकदाही हवा गिळलेली नाही. टँकचं पाणी ज्यात सांडतं त्या ओव्हरफ्लो बॉक्सच्या काचेवर मार्करने मारलेल्या रेघेला पाणी धरून आहे, ओपन चॅनल या दुसऱ्या पाइपमधून उरलेल्या पाण्याची बारीक धार उतरतेय आणि बाकीचे तुंबले तरच लागणारा इमर्जन्सी पाइप आतून कोरडा ठणठणीत. ज्यांनी बीन अ‍ॅनिमल (ही तीन पाइपची पद्धत) लावलाय त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको. ज्यांनी अजून हर्बीवरच (सायफन आणि इमर्जन्सी, दोनच पाइप) भागवलंय, त्यांनी पुढचं वाचून ठरवावं.

उजळणी थोडक्यात. १२० गॅलनचा, म्हणजे साधारण ४५० लिटरचा रीफ टँक वर दिवाणखान्यात. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारा), हीटर, रिफ्यूजियम (शेवाळ वाढवायचा कप्पा) सगळं खाली बेसमेंटमध्ये, ७५ गॅलनच्या जुन्या टँकचा संप करून. घर डेट्रॉईटच्या उपनगरात, त्यामुळे थंडी हा एक वेगळाच मेंबर आमच्या सेटअपमध्ये असतो. टँकच्या बरोबर खाली फर्नेस (घर तापवायची भट्टी) आणि वॉटर हीटर बसलेत, म्हणून संप पलीकडच्या भिंतीला, युटिलिटी सिंकजवळ गेला आणि ड्रेनला जॉइस्टच्या (वरच्या मजल्याच्या तुळयांच्या) मधल्या पोकळीतून १४ फूट आडवं जाणं भाग पडलं. जमिनीला भोकं पाडणं, खाली जॅक पोस्टचे टेकू देणं वगैरे मागे लिहून झालंय. सगळं रामायण घडलं ते या १४ फुटांत.

लक्षणं अशी. पंप सुरू केला की सुरुवातीला सायफन पकडायचाच नाही. सगळा भार ओपन चॅनलवर, त्याचा धबधबा, आणि पाणी इमर्जन्सीच्या तोंडाशी. मग कधीतरी सायफन पकडायचा, सगळं शांत, आपण हुश्श करून खुर्चीत बसायचं. तासाभराने बॉक्समधली पातळी हळूहळू चढायला लागायची. एक बोट, दीड बोट, ओपन चॅनल गुरगुरायला लागायचा, आणि मग अचानक पातळी धाडकन खाली. सायफनच्या तोंडापर्यंत पाणी उतरायचं, तो जोरात हवा ओढायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. बाटली पालथी केल्यावर पाणी गटगट करत बाहेर येतं ना, अगदी तसं, फक्त एकेका ‘गट’ला तासभर.

नेहमीचे उपाय सगळे करून झाले. सायफनचा प्रवाह कमीजास्त करणारा गेट व्हॉल्व्ह पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की हवा वाहून जायची खरी, पण मग पंप देतोय त्यापेक्षा ड्रेन जास्त पाणी नेतो, बॉक्स रिकामा होतो आणि सायफन तुटतो. बंद करत आणला की पुन्हा तेच चक्र. पाइपचं संपमधलं टोक पाण्यात खोल होतं, ते कापून पाण्याखाली जेमतेम इंचभर ठेवलं. त्याने सुरुवातीला हवा लवकर बाहेर पडायला लागली, एवढा फायदा निश्चित झाला. पण तासाभराची ती उचल काही गेली नाही. भोवरा होऊन हवा आत येते का, म्हणून बॉक्समध्ये सायफनच्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावला. गोगलगाय अडकली असेल म्हणून युनियन (पाइपचा उघडता येणारा जोड) सोडून व्हॉल्व्ह उघडून पाहिला. गोगलगाय नव्हती, शेवाळाचा एक धागाही नव्हता.

(व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर: स्पिअर्सचा पीव्हीसी गेट व्हॉल्व्ह महाग वाटतो, पण घ्या. बॉल व्हॉल्व्हवर सायफन ट्यून करणं म्हणजे केसभर हलवायला जाऊन मैलभर हलणं. आणि पितळी व्हॉल्व्ह कुणी स्वस्तात देत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार करा. पितळेत तांबं असतं आणि कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना ते विष आहे.)

शेवटी पाइप ठोकून पाहायला सुरुवात केली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आडव्या पाइपवर टकटक करत जायचं. भरलेल्या पाइपचा आवाज बद्द येतो, हवा असेल तिथे पोकळ. टँकच्या बाजूने तीनेक फुटांवर आवाज बदलला. तिथेच फर्नेसचा मोठा डक्ट खालून आडवा जातो, त्यामुळे तो तुकडा नीट दिसतही नाही आणि पाणसळही तिथे धरता येत नाही. दोन्ही उघड्या टोकांना उतार बरोबर, फुटाला पाव इंच. मधल्याचं काय, ते देवालाच ठाऊक.

मग बेसमेंटमधले दिवे घालवले, शिडीवर चढलो, एक हात डक्टवरून पलीकडे घालून पाइपच्या मागे टॉर्च धरला. पांढरा स्केड्यूल ४० पाइप जोरदार उजेडात थोडा पारदर्शक होतो आणि आतलं पाणी कुठवर आहे ते सावलीसारखं कळतं. तिथे पाइपच्या वरच्या अंगाला हातभर लांब हवेचा फुगा पसरला होता. त्याची खालची कड थरथरत होती. टँककडून बारीक बुडबुडे येत होते, वरच्या अंगाने सरकत येऊन त्यात मिसळत होते, आणि फुगा बघता बघता खाली उतरत पाइपची वाट अडवत होता. मी तसाच शिडीवर टांगून राहिलो. एका क्षणी तो अख्खा फुगा घसरला, पुढच्या एल्बोतून खडखडत खाली गेला, आणि पाठोपाठ वरून दिवाणखान्यातून हवा ओढल्याचा तो ओळखीचा आवाज आला. गुन्हेगार रंगेहाथ सापडला.

कारण अगदी फालतू. दहा फुटी पाइप वाकडा होता. इथल्या मोठ्या हार्डवेअर दुकानांत पाइप रॅकला तिरपे टेकवून महिनोन्‌महिने उभे असतात आणि बाक धरतात. दोन टोकं उतारात नीट बसली तरी मधे दीड इंचाचा बाक असला की वरच्या टोकाच्याही वर साधारण अर्ध्या इंचाचा उंचवटा उरतो. सांडपाण्याच्या लाइनला त्याने फारसं बिघडत नाही. काठोकाठ भरून चालणाऱ्या सायफनला मात्र तेवढं पुरतं. ओव्हरफ्लो बॉक्सच्या काठावरच्या दातांवरून पाणी पडताना जी बारीक हवा मिसळते, ती सगळी त्या उंचवट्यावर येऊन मुक्काम ठोकते. पाइप प्लंबिंगवाल्यांच्या होलसेल दुकानातून घ्या. तिथे तो आडवा ठेवलेला असतो आणि हातात घेऊन डोळ्याने सरळ आहे का बघू देतात.

पाइप खाली ओढावा तर खाली डक्ट. कापून नवा टाकावा तर त्या कोपऱ्यात कपलिंग चिकटवायला दोन हात जात नाहीत. म्हणून उंचवट्यावर हवेला बाहेर जायला वाट द्यायची ठरवली.

यावर मागे बऱ्याच जणांनी सांगितलं होतं की सायफनच्या पाइपला भोक पाडलं की तो हवा ओढणार आणि सायफन तुटणार. हे खरं आहे, पण व्हॉल्व्ह वर टँकपाशी असेल तेव्हा. व्हॉल्व्ह वर असला की त्याच्या खालच्या पाइपमध्ये ओढ तयार होते. माझा व्हॉल्व्ह अगदी खाली, संपच्या तोंडाशी आहे. त्यामुळे वरचा पाइप पाण्याने भरलेला उभा राहतो आणि आत दाब असतो. उंचवटा ओव्हरफ्लोच्या पातळीपासून साधारण पाच फूट खाली आहे. पाण्याचा दाब फुटाला ०.४३३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), म्हणजे तिथे दोन पीएसआयच्या जरा वर. दीड इंची पाइपमधून तासाला ६०० गॅलन जाताना घर्षणात जे जातं ते किरकोळ. तेव्हा तिथे भोक पाडून नळी वर नेली, तर नळीत पाणी जवळजवळ ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत चढून थांबणार आणि हवा त्यातून वर निघून जाणार. आत काही ओढलं जाणार नाही.

केलं असं. दीड इंची कपलिंग उभं चिरून त्याचा अर्धा भाग पाइपच्या माथ्यावर सिमेंटने चिकटवला, कारण पाइपची भिंत एकटी पातळ, आटे धरत नाही. एक दिवस सुकू दिलं. तोवर सायफन बंद, पंप हळू आणि सगळं पाणी ओपन चॅनलमधून. बीन अ‍ॅनिमलचे तीन पाइप म्हणजे चैन म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मग काटकोनी अ‍ॅडॉप्टर लावून ड्रिल केलं, आटे पाडायला पाव इंची टॅप फिरवला, आरओच्या नळीचं पुश फिटिंग बसवलं. आरओडीआय (पाणी शुद्ध करायचं यंत्र) लावताना उरलेली पाव इंची नळी होतीच. ती ड्रेनच्याच भोकातून वर काढली, टँकच्या मागून नेऊन तोंड ओव्हरफ्लो बॉक्समध्ये पाण्याच्या वर खालच्या दिशेने बांधून टाकलं. हे तोंड बॉक्सच्या बाहेर ठेवू नका. सुरू होताना नळी चांगलीच पिचकाऱ्या मारते, भिंतीवर मिठाचे ओघळ येतील.

पंप लावला. नळी खोकली, थुंकली, एक लांबलचक फुसकारा सोडला आणि मिनिटभरात सायफन भरला. नंतर टॉर्च लावून पाहिलं तर पाइपच्या माथ्यावर बोटाएवढीही हवा नव्हती.

लाइट गेल्यावरची परीक्षाही घेतली. प्लग ओढला. टँकच्या आकारात (४८ बाय २४ इंच) एक इंच पाणी म्हणजे पाच गॅलन. दातांपर्यंत उतरणारं दीड इंच, सायफनच्या पाइपमधलं, रिटर्नमधलं (पाणी परत वर नेणारा पाइप) मिळून ११ गॅलनच्या आसपास खाली येतं आणि संप तीन इंच चढतो. मी सहा इंच जागा ठेवलीय. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर विसंबलेलो नाही, कारण खाऱ्या पाण्यात त्याच्या फ्लॅपवर कॅल्शियम चढलं की तो ऐन वेळी दगा देतो. रिटर्नच्या नोझलला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली भोक आहे, त्यातून हवा शिरली की पाणी उलटं यायचं थांबतं; तेवढं ब्रशने साफ ठेवतो.

वरती आता पंपाची घरघर नाही, स्किमरचा वास नाही, कॅबिनेट रिकामं. आई साताऱ्याहून आलीय, तिने टँक बंद पडला की काय म्हणून विचारलं. पाणी बदलायला बादल्या घेऊन गालिच्यावरून जाणं संपलं. मिठाचं पिंप संपच्या शेजारीच आहे, दोन व्हॉल्व्ह फिरवले की काम झालं. घरातून परवानगी खरं तर या एका मुद्द्यावर मिळाली होती.

पंपाबद्दल दोन शब्द, कारण विचारणा होतेच. डब्यावर लिहिलेला कमाल हेड म्हणजे ज्या उंचीला पंप शून्य पाणी देतो ती उंची. तो आकडा बघून पंप घेऊ नका, कर्व्ह (कोणत्या उंचीला किती पाणी, तो आलेख) मागा. उंची मोजायची ती संपच्या पाण्यापासून टँकच्या पाण्यापर्यंत. माझ्याकडे ती ११ फूट आहे, आणि संप जमिनीवर न ठेवता स्टँडवर चढवला म्हणून ११, नाहीतर १२ च्या पुढे गेली असती. छोट्या डीसी पंपांचा ११ फुटांवर जीव जातो. बाहेर बसवायचे एसी प्रेशर पंप आवाज करतात, तापतात, पण बेसमेंटमध्ये आवाज ऐकायला आहे कोण? आणि मिशिगनच्या हिवाळ्यात तापलेल्या पंपाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. ड्रेन आणि रिटर्नला फोमचं वेष्टण चढवलंय, नाहीतर हीटरचं बिल बघवत नाही.

पुण्या-ठाण्यातल्या मंडळींनी बेसमेंट नाही म्हणून हे सोडून देऊ नये. संप ड्राय बाल्कनीत नेताय तर तुमचा आडवा पाइप माझ्यापेक्षा लांब आणि खाली उतरायला उंची त्याहून कमी. उंचवटा तिथे जास्त छळणार.

आता हे लिहिता लिहिता एक हिशोब केला. दीड इंची पाइपमध्ये तासाला ६०० गॅलनला वेग येतो सेकंदाला १.६ फूट. तेवढ्यात हवा वाहून जात नाही, हे शिडीवरून पाहिलं. एक इंची पाइपमध्ये तेवढंच पाणी ३.७ फुटांनी पळेल आणि बुडबुडे थांबूच देणार नाही. सगळीकडे ‘ड्रेन मोठा घ्या’ असं सांगतात, पण आडव्या सायफनला लहान पाइपच बरा. तेव्हा फ्रॅग टँकची (कोरलचे तुकडे वाढवायचा टँक) लाइन टाकायचा जो बेत होता, त्यासोबत सायफनचा आडवा भाग एक इंची करून टाकतो. ओपन चॅनल आणि इमर्जन्सी दीड इंचीच राहतील, तिथे तडजोड नाही.

पण त्याआधी पीएच. सगळं वर असताना ८.२ असायचा, खाली आल्यापासून ७.९. दारं-खिडक्या बंद, घरात माणसं, सगळा कार्बन डायऑक्साइड स्किमर पाण्यात घोळतोय. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइमचा स्क्रबर लावायचं ठरलं होतं, पण व्हेंटची नळी ओढताना लक्षात आलं की ड्रायर व्हेंटच्या बाजूलाच रिम जॉइस्टमध्ये (बाहेरच्या भिंतीवरची तुळई) आणखी एक भोक सहज बसेल. स्किमरची हवा थेट बाहेरून घेतली तर दर महिन्याला सोडा लाइम विकत घ्यायला नको. भीती फक्त जानेवारीची: उणे १५ सेल्सियसची हवा आत येताना नळीवर बाहेरून दव धरेल का, व्हेंच्युरीवर (स्किमरचं हवा ओढणारं तोंड) मीठ लवकर जमेल का. म्हणून नळी आधी डीह्युमिडिफायरच्या वरून दहा-बारा फूट फिरवून मग स्किमरला जोडणार. आणि नाही, डीह्युमिडिफायरचं पाणी टॉप-ऑफला (उडून गेलेल्या पाण्याची भर घालायला) वापरायचं नाही. ते आतल्या धातूच्या कॉइलवरून येतं. पुढच्या वेळी पीएचचे आकडे टाकतो.