शिक्षण संपलं, चाइल्ड बेनिफिट थांबलं

इंग्लंडमध्ये मुलाने ए-लेव्हलनंतर (आपल्या बारावीसारख्या परीक्षेनंतर) शिक्षण सोडलं तरी चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलासाठी पालकांना मिळणारा सरकारी भत्ता, लगेच बंद होत नाही. फेब्रुवारीअखेर, 31 मे, 31 ऑगस्ट, 30 नोव्हेंबर यांपैकी आधी येणाऱ्या तारखेपर्यंत ते मिळतं. कळवायचं मात्र आपणच; जास्तीचे आलेले पैसे नंतर वसूल होतात, तेही नेमके हात आखडलेला असताना.

एकट्या पालकाला खरा फटका कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे स्थानिक कौन्सिलला घरासाठी भरायच्या कराचा. घरात दुसरा प्रौढ धरला गेला की एकट्या प्रौढाला मिळणारी 25 टक्के सवलत जाते. 20 वर्षांखालचं मूल 30 एप्रिलनंतर शाळा-कॉलेजातून बाहेर पडलं असेल, तर त्याला 1 नोव्हेंबरपर्यंत धरत नाहीत. हे कौन्सिलला सांगावं लागतं, आपोआप होत नाही.

घरखर्चातला मुलाचा वाटा पहिल्या पगाराआधीच ठरवा. सहा महिन्यांनी विषय काढला तर वादच होतात.