परत पूर्ण इन्सुलिनवर येताना

मला टाइप वन डायबेटिस आहे, नववीपासून. तेव्हा आधी नुसती काडी झालेले, इन्सुलिन सुरू झाल्यावर अंग भरलं. ते गेलेलं वजनच परत आलेलं खरं तर, पण माझ्या डोक्यात बसलं की हे इंजेक्शनच जाड करतंय. रत्नागिरीला कॉलेजात आल्यावर डोस गाळायला लागले. चतुर्थीला वेंगुर्ल्याला घरी गेले तर काकी म्हणते, "काय गो, किती बारीक झालंस, बरी दिसतंस!" झालं, त्या एका वाक्यावर मी अख्खं वर्ष काढलं.

मग एकदा उलट्या, धाप, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. आईला वाटलं बांगडा बाधला. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल) वाढलेले, तीन दिवस आयसीयू. एचबीएवनसी १३ च्या वर. तो दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशेब असतो, त्यामुळे शुगरच्या वहीतले माझे खोटे आकडे तिथेच उघडे पडले. डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, "डोस सुटतात की सोडतेस?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे दर पंधरा दिवसांनी वेंगुर्ल्याहून आंबोली घाटातून एसटीने कोल्हापूर, डॉक्टर आणि काउन्सेलर दोघी. आधी डोळ्यांचा पडदा तपासला, कारण शुगर एकदम खाली आणली तर तो बिघडू शकतो, म्हणून डोस हळूहळू वाढवला. सगळ्यात वाईट ते पहिले काही आठवडे. पाय असे सुजले की चपलेचा पट्टा रुतायचा, आणि मला वाटायचं बघा, झालेच जाड. ते पाणी असतं, उतरतं, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं म्हणून टिकले नाहीतर तिथेच सोडलं असतं. काटा आईने माळ्यावर टाकला, रात्रीचं इन्सुलिन तिच्यासमोर घ्यायचं ठरलं.

डाएटिशियनने बंदीची यादी दिलीच नाही, घावणे नि पेज किती कार्ब ते मोजायला शिकवलं. शुगर ७० च्या खाली गेली की मी घाबरून खाजाचं अख्खं पाकीट संपवायचे, मग रडारड, मग पुढचा डोस चुकवायचा. आता तीन चमचे ग्लुकोज पावडर, १५ मिनिटं थांबून परत तपासायचं. (ती पावडर जास्त खावीशी वाटतच नाही, हा मोठा फायदा.)

दीड वर्षाने एचबीएवनसी ८.१ आहे. यंदा चतुर्थीला काकी म्हणाली, "अंग धरलंस गो." मी गप्प आत जाऊन दोन मोदकांचा डोस घेतला. रात्रीचा मात्र घ्यावासा वाटेना, तेव्हा आईला हाक मारली.