४८ व्होल्ट

गेल्या आठवड्यात पुतणीचा पुण्याहून फोन आला. तिच्याकडे रात्री लाइट गेली आणि लाइटबरोबर घरातला फायबरचा फोनही बंद पडला. मला म्हणाली, "काका, गावच्या घरातला तो लाल फोन लाइट नसताना कसा चालायचा हो? त्याला तर प्लगच नव्हता." मी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजवर केली, त्यातली बरीचशी दापोली तालुक्यात, पण घरातल्या कुणी हे विचारायची ही पहिलीच वेळ. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, आणि तीही बोलणं ज्या दोन तांब्याच्या तारांतून जायचं त्याच तारांतून. आमच्या एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत २ व्होल्टचा एक असे २४ सेल लाकडी रॅकवर ओळीने मांडलेले असत. २४ दुणे ४८. खोलीत पाऊल टाकलं की ॲसिडचा वास नाकात बसायचा. सुती शर्टाला कधी बारीक भोकं पडली ते धुताना कळायचं. सकाळी आल्या आल्या हायड्रोमीटर बुडवून एकेका सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, बघायची, रजिस्टरला लिहायची, पाणी उतरलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनल पुसून व्हॅसलिन लावायचं. लाइट असेपर्यंत चार्जर या सेलना भरत राही. लाइट गेली की सगळा भार सेलवर यायचा, आणि गावात फोनवर बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे.

या बॅटरीचं धन टोक अर्थला जोडलेलं असतं आणि तारेवर ऋण ४८ व्होल्ट जातात. हे उलटं वाटतं, पण असं का ते कोकणातल्या माणसाला चटकन समजेल. जुलैत केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की थोडा करंट जमिनीत गळायला लागतो. अशा वेळी जे टोक धन असेल त्याचा धातू झिजतो. तार ऋण ठेवली की तांबं टिकतं. तरीही मी जॉइंट उघडून हिरवा कळंक चढलेल्या पेअर, म्हणजे तारांच्या जोड्या, कितीतरी वेळा पाहिल्यात.

रिसीव्हर उचलला की सर्किट पुरं व्हायचं, थोडासा करंट वाहू लागायचा, एक्स्चेंजला कळायचं की अमुक घरी कुणीतरी फोन उचललाय, आणि डायल टोन मिळायचा. घंटी वाजवायला मात्र साधारण ७५ व्होल्टचा एसी सोडतात. भर पावसात खांबावर चढून डीपीतल्या, म्हणजे फोनच्या जोडण्यांच्या डब्यातल्या, तारा उघड्या बोटांनी सोलत असताना त्याच नंबरवर कुणाचा तरी फोन यावा, हे ज्याने सोसलंय त्यालाच माहीत. हात खांद्यापर्यंत झणझणतो.

आता मोबाइल. मोबाइल हवेतून बोलतो तो जवळच्या टॉवरपर्यंतच. तिथून पुढे जमिनीतलं फायबर, नाहीतर टॉवरवर टांगलेली ढोलासारखी मायक्रोवेव्ह डिश. तिचं तोंड डोंगरावरच्या दुसऱ्या टॉवरकडे असतं. असं करत करत बोलणं मोठ्या एक्स्चेंजला पोचतं. जुन्या एक्स्चेंजला अमुक पेअर अमुक घराची हे कायमचं ठाऊक असायचं. मोबाइलचं एक्स्चेंज माणसाच्या मागावर राहतं. तुमचा फोन खिशात गप्प असला तरी एक भाग ओलांडून दुसऱ्यात गेला की आपण होऊन वर्दी देतो, आणि कॉल आला की त्या भागातले सगळे टॉवर एकदम त्याच्या नावाने हाक मारतात. तुमचा फोन ओ देतो, मग घंटी वाजते. हे काम मला आजही थोर वाटतं.

आणि त्या टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या कपाटात काय असतं? ४८ व्होल्टची बॅटरी. पहिल्यांदा ते कपाट उघडलेलं पाहिलं तेव्हा परगावी ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. सेल आता बंद डब्यातले, त्यात पाणी घालायचं नाही, वासही नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे लाइट आधीच गेली होती. दुपारभर माडांचा आवाज ऐकत घरात बसून होतो. वारा पडल्यावर सड्यावरच्या टॉवरच्या जनरेटरचा आवाज यायला लागला. रात्री कधीतरी तोही थांबला. मी घड्याळ पाहिलं आणि बायकोला म्हटलं, आता बॅटरीवर आहे, कुणाला सांगायचं असेल तर आत्ता सांग. तिने मुंबईला लेकीला फोन लावला, दर वेळी बिझी. रेंजच्या काड्या पूर्ण होत्या, पण टूजीच्या एका कॅरियरवर, म्हणजे एका रेडिओ फ्रीक्वेन्सीवर, ८ टाइमस्लॉट, म्हणजे आळीपाळीने वापरायच्या ८ जागा, असतात, त्यातला निदान एक यंत्रणेच्या स्वतःच्या निरोपांना लागतो. उरले ७. म्हणजे एका कॅरियरवर एका वेळी साधारण सात माणसं बोलणार, आणि त्या रात्री तर गावच्या गाव फोन कानाला लावून बसलं होतं. पहाटे काड्याही गेल्या. डिझेल घेऊन येणारी गाडी पडलेल्या झाडांपलीकडे अडकलेली. लेकीला आमचा आवाज ऐकू गेला तो चौथ्या दिवशी.

जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. त्या वादळात खांब आडवे झाले, तेव्हा उरलेसुरले लँडलाइनही मेले. पूर्वीही पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस लाइन डेड असायची आणि लोक एक्स्चेंजच्या दारात येऊन आम्हाला बोल लावायचे, ते बरोबरच होतं. पण तेव्हा वीज सांभाळायची जागा एकच होती आणि तिथे रोज रजिस्टर लिहिणारा माणूस होता. आता तुमच्या हातातला फोन, गावचा टॉवर, डोंगरावरचा टॉवर, त्याच्या पुढचे, असं सगळीकडे चार्ज लागतो. डोंगरावरचा एक बसला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या खालच्या टॉवरना वीज असूनही काही उपयोग नाही.

तर पुतणीला उत्तर असं, की फायबर म्हणजे काच, आणि काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. भिंतीवरच्या त्या डब्याला तुझ्याच घरातून वीज द्यावी लागणार. छोटा इन्व्हर्टर किंवा राउटरसाठी मिळतो तो बॅटरीचा डबा आणून लाव, काही तास निघतील.

गावच्या टॉवरचं मात्र घरोघरी डबा लावून भागणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या ग्रामसभेसाठी मी तीन प्रश्न लिहून दिलेत: टॉवरची बॅटरी शेवटची कधी बदलली, लाइट गेल्यावर ती प्रत्यक्ष किती तास चालते ते कुणी मोजलंय का, आणि रस्ता बंद झाला तर डिझेल गावात कुणाच्या घरी ठेवायचं. तिसऱ्यासाठी माझा पडवीतला कोपरा मोकळा आहे, तेही खाली लिहिलंय.