गट नंबर नसलेली हरकत

प्रादेशिक योजनेचं, म्हणजे जिल्ह्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशाचं, प्रारूप प्रसिद्ध झालं की लोकांना हरकती-सूचना द्यायला कायद्यानं किमान चार महिने मिळतात. पहिले तीन महिने ऑफिसात कुणी फिरकत नाही. शेवटच्या आठवड्यात आवक-जावकच्या टेबलापुढं रांग लागते आणि अर्जांचे गठ्ठे येतात. आमच्याकडच्या गठ्ठ्यांतले निम्म्याहून जास्त अर्ज एकाच कॉम्प्युटरवरून निघालेले होते. सगळ्यांत ‘रहिवास’चं ‘रहीवास’ झालेलं, आणि मौजे, गट नंबर, नाव एवढंच पेनानं भरलेलं. मागणीही एकच: ‘माझी जमीन शेती तथा ना-विकास विभागातून वगळून रहीवास विभागात घ्यावी.’ असे अर्ज कोण लिहून देतो आणि अर्जामागं किती घेतो, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी नगररचना खात्यात सहायक नगररचनाकार आहे. जिल्हा कृष्णाकाठचा. गावांची नावं लिहीत नाही, कारण योजनेवर अजून शासनाची सही व्हायची आहे.

कुठल्या गावाला विकास द्यायचा हे पुढारी ठरवतात, असं बाहेर सगळे धरून चालतात. पुढारी येतात, पण नंतर. आधी तक्ता येतो. लोकसंख्या (२०११ च्या जनगणनेची, नंतरची तेव्हा झालेलीच नव्हती), आठवडी बाजार, हायस्कूल, प्राथमिक आरोग्य केंद्र, बँक, एसटी किती थांबतात, किती रस्ते येऊन मिळतात, अशा प्रत्येकाला गुण. बेरीज ज्याची मोठी ते गाव ग्रामीण विकास केंद्र. त्याच्या भोवतीची जमीन नकाशात पिवळी, म्हणजे रहिवासाची होते, बाकीची हिरवी, म्हणजे शेतीची राहते. दिसायला निःपक्षपाती पद्धत आहे. पण या तक्त्यात ज्याच्याकडं आहे त्यालाच मिळतं, आणि कृष्णाकाठी ज्याच्याकडं आहे ते गाव हटकून नदीवर असतं. बाजार, पेठ, देऊळ, घाट सगळं पाण्याच्या कडेला. म्हणजे गुण मोजून पिवळा रंग भरायला बसलं की तो बरोबर जिल्ह्यातल्या सगळ्यात चांगल्या मातीवर आणि सगळ्यात धोक्याच्या जागेवर सांडतो.

या मातीबद्दल थोडं लिहिते. मळीची जमीन. नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ, काही ठिकाणी पुरुषभर खोदलं तरी दगड लागत नाही. ऊस आणि हळद सगळ्यांना माहीत आहे, कृष्णाकाठची वांगीही. पण सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीच्या पोटात पेवं खणून हळद साठवत आले, कोठाराशिवाय, तीही वर्षानुवर्षं टिकायची. कारण त्या मातीचा गुणच तसा. २००५ च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. अशी माती तयार करायला माणसाच्या हातात काही नाही. तिच्यावर एकदा मुरुमाचा भराव पडला की विषय संपला. आणि आमच्या सातबारावर या जमिनीची नोंद काय? ‘बागायत.’ बोअर मारून ऊस लावलेल्या मुरमाड तुकड्याचीही तीच नोंद. शेती खात्याचे मातीचे नकाशे वेगळे, भूजलवाल्यांचे वेगळे, आणि आमचा नकाशा करणारी सल्लागार कंपनी शहरात बसून या दोन्हींकडं न बघता उपग्रहाच्या चित्रावरून हिरवा रंग भरते. मी मागं लागून ते तीन नकाशे एकमेकांवर ठेवायला लावले. त्याबद्दल मला सहकाऱ्यांनी बरंच ऐकवलं. ‘म्याडमना पीएचडी करायचीय.’

पुराचं गणित तुलनेनं सोपं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्याच्या आत बांधकाम नाही. निळ्या-लालच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यायचं. कागदावर चोख वाटतं. प्रत्यक्षात जोतं वर न्यायचं म्हणजे भराव, आणि एकाच्या भरावाचं पाणी शेजाऱ्याच्या माजघरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी आहे ४५. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा पूर. शंभर वर्षांची रेषा कुणाच्या शंभर वर्षांवरून काढायची, असा प्रश्न त्यानंतर मला बऱ्याच सरपंचांनी विचारला आहे.

म्हणून तक्त्यात पहिलं आलेलं नदीकाठचं गाव बाजूला ठेवून, नदीपासून दहा-बारा किलोमीटर वर चढल्यावर लागणाऱ्या माळावरच्या गावाला विकास केंद्र करावं, असं टिपण मी ठेवलं. गुण कमी, पण पाया पक्का, पूर नाही, ऊस नाही. नकाशाच्या भाषेत तिथं ‘पडीक’ होतं. वरिष्ठांना पटलं. प्रारूपात नदीकाठ हिरवा आणि माळ पिवळा, असं प्रसिद्ध झालं.

सुनावणी नियोजन समितीपुढं असते. सभागृहात समोर समितीचे सदस्य, बाजूला आम्ही नकाशे घेऊन, दारात शिपाई नावं पुकारतो. एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. सदस्यांपैकी एकजण पर्यावरणावर उत्तम बोलतात आणि जेवणानंतर हमखास पेंगतात.

त्या दिवशी सकाळच्या सत्रात नदीकाठच्या गावचे एक निवृत्त गुरुजी आले. अर्ज छापील नव्हता, स्वतःच्या अक्षरातला, पाटीवर वळण गिरवावं तसा. अडीच एकर, मळीची. म्हणाले, ‘‘म्याडम, जमीन राखायची म्हणता, मला मान्य आहे. मी आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं. पण राखणावळ कोण देणार? माळावरच्या माणसाचा मुरूम पिवळा झाला, त्याचा गुंठा आता माझ्या एकराला भारी. मी सोनं राखायचं आणि त्यानं खडी विकायची?’’

याला उत्तर नाही. म्हणजे खात्याकडं नाही. पुण्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं तेव्हा २०१५ मध्ये मालकांना आठ टक्के टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) तरी जाहीर झाला, तो पुरेसा की अपुरा यावर अजून भांडण चालू आहे. खेड्यातल्या शेतकऱ्याला जमीन हिरवी ठेवल्याबद्दल काहीच मिळत नाही. वर ज्याचे हात पोचतात तो उद्या नगररचना कायद्याच्या कलम २० खाली आपल्या एकट्याच्या गटापुरता फेरबदल करून आणतो, आणि गुरुजींसारखे हिरव्यात बसून राहतात. अध्यक्षांनी ‘नोंद घेतली’ म्हटलं. गुरुजींनी नमस्कार केला आणि जाताना नकाशातल्या ओढ्याचं चुकलेलं नाव दुरुस्त करून दिलं.

दुपारी दारात गडबड झाली. शिपाई एका माणसाला आत सोडेना. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं, वय पन्नाशीचं. अर्जावर गट नंबर नव्हता म्हणून आमच्या आवक क्लार्कनं तो यादीत घेतलाच नव्हता; सॉफ्टवेअर गट नंबराशिवाय पुढं सरकत नाही, हे त्याचं म्हणणं खरंही होतं. मी त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं.

मेंढपाळ. पिवळ्या केलेल्या माळाच्या कडेच्या वस्तीवरचे. महाडकडून रात्रभर एसटीनं आले होते. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढ्या आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हे त्यांचं वर्ष. आमची नोटीस लागली ती दिवाळी होऊन गेल्यावर. चार महिने संपले, तेव्हा हे तिकडंच. गावातल्या पोरानं व्हॉट्सॲपवर नकाशा पाठवला म्हणून कळलं.

त्यांनी मोबाइलवर तो नकाशा मोठा केला आणि विचारलं, ‘‘ह्यो फोटू कवा काढलाय?’’

विद्यमान जमीन वापराचं चित्र मार्चमधलं होतं. ढग नसलेलं चित्र हवं तर फेब्रुवारी-मार्चच लागतो, पावसाळ्यातली चित्रं आम्हाला चालत नाहीत.

‘‘मार्चात तितं कोन आसनार? आमी बी न्हाई, गवत बी न्हाई. श्रावनात काढा की.’’

श्रावणात त्या माळावर काय असतं ते मी पाहिलेलं आहे. गुडघाभर कुसळी गवत, मधे मटकी-हुलग्याचे तुकडे, आणि काळ्या मेंढ्यांचे कळप. माळाचा बराचसा भाग गायरान नाही, खाजगी जिरायत आहे, निम्मी पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी. गायरान असतं तर गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालाचा आधार तरी देता आला असता. इथं मालक मेंढ्या बसवून घेतात, शेताला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. कुणीच कुठं लिहून ठेवत नाही. आणि लेखी नाही ते आमच्या सूचीत नाही: बागायत, जिरायत, वन, पडीक, जलाशय. चराईला रंगच नाही.

क्लार्क मदतीला धावला. चांगला मुलगा आहे. म्हणाला, ‘‘मामा, तुमचा स्वतःचा एखादा गट आसंल की तितं. त्यो लिवा, अर्ज चढवतो.’’

‘‘हाय की. चौघा भावांत दीड एकर. पन त्या गटाला आमची हरकत न्हाई. त्यो पिवळा झाला तर बरंच झालं, पोरीचं लगीन हाय.’’

आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, ‘‘घरं बांदा, आमचं काय न्हाई. खालच्या तलावाकडं जायाची वाट तेवडी ऱ्हाऊ द्या. चारशे मेंढरू घिऊन कंपाउंडातनं जायाचं का?’’

मालक म्हणून पिवळं हवं, मेंढपाळ म्हणून वाट हवी. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. पण अर्जाच्या नमुन्यात एका माणसाच्या अशा दोन बाजू मांडायला जागा नाही. मी अर्ज हातानं लिहून घेतला, गट नंबराच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं आणि दिवसाच्या शेवटी समितीपुढं ठेवला. अध्यक्ष म्हणाले, मालकी नाही तर हितसंबंध कसा? पेंगणारे सदस्य त्या वेळी जागे होते, त्यांनी गोव्याचं उदाहरण दिलं. तिथं २००७ मध्ये लोकांनी ओरड करून अख्खा प्रादेशिक आराखडा रद्द करायला लावला आणि पुढच्या वेळी नकाशे पंचायतींकडं पाठवावे लागले. अध्यक्षांना आंदोलन नको होतं. निर्णय झाला: ‘अभिन्यास मंजुरीच्या वेळी अस्तित्वातील वाटा कायम ठेवण्याबाबत विचार व्हावा.’ या वाक्याचा उपयोग शून्य. अभिन्यास, म्हणजे प्लॉट पाडण्याचा नकाशा, मंजूर करणारा अधिकारी ‘अस्तित्वातील’ म्हणजे काय हे मोजणी नकाशावरून ठरवतो, आणि मेंढरांच्या वाटेची मोजणी कुणी केलेली नसते.

मी जुना गाव नकाशा काढला. तलावाकडच्या वाटेचा अर्ध्याहून जास्त भाग दोन गावांच्या हद्दीवरचा शिवरस्ता निघाला. जागेवर तो दोन्हीकडून नांगरून हातभर उरलाय, पण नकाशात आहे. राहिलेल्या भागाला काहीच आधार नव्हता. प्रादेशिक योजनेच्या नकाशात एखादी पट्टी मोकळी ठेवायची तर त्याला एकच नाव देता येतं: रस्ता. म्हणून शिवरस्ता पुढं तलावापर्यंत वाढवून मी ‘प्रस्तावित १८ मीटर रुंद रस्ता’ असा दाखवला. कारणाच्या रकान्यात ‘माळावरील विकास केंद्रास पर्यायी जोडरस्ता’ असं लिहिलं. वरिष्ठांनी विचारलं, वाहतुकीची गरज काय? मी म्हटलं, भविष्यात लागेल. त्यांनी सही केली.

योजना मंजुरीला गेली आहे. मधे त्या बाजूला जाणं झालं तेव्हा माळाच्या तोंडाशी फ्लेक्स लागलेला होता: ‘प्रादेशिक योजनेतील १८ मीटर रस्त्यालगत रहीवास प्लॉट, सुलभ हप्ते.’ स्पेलिंगवरून एजंट ओळखीचा. रस्ता नसता दाखवला तर वाट गेलीच असती. दाखवला तर दोन्ही अंगाला प्लॉट पडणार, डांबर होणार, आणि चारशे मेंढरं डंपरच्या रांगेतून न्यायची.

त्या पट्टीला रस्त्याऐवजी ‘चराई मार्ग’ म्हणून वेगळा संकेत द्यावा असं टिपण मी वर पाठवलं. त्यावर शेरा आला, ‘प्रमाणित सूचीत असा वापर नाही.’ आता सूचीतच भर घालावी असं दुसरं टिपण तयार करते आहे. त्याला श्रावणातलं एक उपग्रहाचं चित्र जोडायचं आहे. ढग कमी असलेलं एखादं सापडतंय का ते बघतेय.