वासोटा: दिवसभर नॉट रीचेबल

वासोटा किल्ल्याला जाताना कासचं पठार मागे टाकून बामणोलीकडे उतरायला लागलं की फोनची रेंज ये-जा करायला लागते आणि कोयनेचं पाणी दिसेपर्यंत गायब होते. गाडीतल्या बऱ्याच मंडळींना त्याचाच आनंद! मला विचाराल तर रेंज नसल्याचा खरा त्रास जंगलात फिरणाऱ्याला होत नाही, घरी बसलेल्याला होतो. म्हणून साताऱ्यातून निघतानाच आईला कागदावर लिहून दिलं होतं: गाडीचा नंबर, सोबत कोण कोण, बोटवाल्याचा नंबर. रात्री आठपर्यंत फोन येईल, तोवर घोर लावून घ्यायचा नाही. आठ वाजून गेले तर आधी बोटवाल्याला, मग ११२ या आपत्कालीन नंबरला. ही वेळ ठरवताना दोन तास जास्तीचेच धरा, घाटाचा नेम नसतो.

बामणोलीत वनखात्याची परवानगी काढावी लागते, ओळखपत्र जवळ हवं. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. जास्त जण असाल तर परवडतं. पैसे रोख न्या, तेही सुट्टे. नेटच नसेल तर क्यूआर कोड नुसता शोभेला.

शिवसागरातून, म्हणजे कोयनेच्या जलाशयातून, तास-दीड तासात पायथा येतो. पुढे गडापर्यंत दाट झाडी, गव्यांचा आणि अस्वलांचा मुलूख. २०१० पासून हे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मुक्कामाला बंदी आहे, अंधाराच्या आत बोटीत बसायचं. पावसाळ्यात गड बंदच असतो.

पेशवाईच्या अखेरीस दोन इंग्रज अधिकारी इथे कैदेत होते, १८१८ मध्ये गड पडला तेव्हा सुटले. माणसाला जगापासून तोडायचं तर जागा कुठली, हे पेशव्यांना बरोबर ठाऊक होतं. आमच्यातला एकजण मात्र बाबूकड्यावरही हात उंच करून टॉवर शोधत होता. समोर एवढा कडा, आणि याचं लक्ष फोनच्या काड्यांवर!

फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधण्यातच बॅटरी उतरते. जीपीएस तरीही चालतं, फक्त नकाशा घरूनच डाउनलोड करून आणा. ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागतो, पण एकही टॉवर पोचत नसेल तर तोही नाही. तेव्हा पाय मुरगळलाच तर मदत आणायला माणूसच पाठवावा लागतो, तोही एकटा नको. क्रेप बँडेज जवळ असू द्या आणि पांगू नका. परदेशातून कुणी सॅटेलाइट फोन आणून दिला असेल तर तो घेऊन येऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो वापरणं आपल्याकडे गुन्हा आहे.

आणि बामणोलीत जेवायचं असेल तर सकाळी बोटीत बसण्याआधीच माणसं मोजून सांगा. गडावरून फोन करून भाकऱ्या वाढवता येत नाहीत.